पायासकट

"घ्यायचा असंल तर आधी रंकाळ्याला फेरी मारून यायची," भूपालअण्णा म्हणाले. "एका कॅमेऱ्यापाठी एक फेरी. तीन बघायचं असतील तर तीन फेऱ्या. पाय दुखाय लागलं तर गपगुमान घरला जायचं."

मी हसलो. अण्णा हसले नाहीत. टेबलावर पंचा पसरून त्यांनी तीन कॅमेरे ओळीनं मांडले होते आणि तिन्हींतही स्वतःच्या हातानं रोल भरत होते. रिकामा कॅमेरा घेऊन फिरणं म्हणजे बिनपाण्याची घागर वाहणं, असं त्यांचं म्हणणं. कोल्हापुरात मंगळवार पेठेत त्यांचं कॅमेरा दुरुस्तीचं दुकान होतं, दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्यानं बाहेर थांबावं एवढं. मोठ्या फिल्मचे जुने कॅमेरे त्यांच्याकडे आपसूक येऊन पडत. विकायची मात्र त्यांना कधीच घाई नसे. गिऱ्हाईक रिकाम्या हातानं परत गेलं की अण्णांना जेवण गोड लागतं, असं आमच्या धंद्यातले लोक म्हणत.

"आणि ह्या कोण?" अण्णांनी विचारलं.

"माझी आई. अंबाबाईच्या दर्शनाला आलीय."

दाराजवळच्या खुर्चीत आई प्रसादाची पुडी मांडीवर घेऊन बसली होती. ती म्हणाली, "दर्शन झालं. आता ह्याच्या मागं लागून आलीय. महिनाभर नदीकाठानं फिरायचं म्हणतोय, आणि मला न्यायचं नाव काढत नाही. तुम्ही तरी सांगा."

"मी कॅमेऱ्याचं सांगतो, मावशी. पोरांचं मला कळत न्हाई," अण्णा म्हणाले.

ही गोष्ट अठ्ठ्याण्णव सालच्या जानेवारीतली. मी एकतीस वर्षांचा होतो. कराडात माझा स्टुडिओ होता आणि दहा वर्षं लोकांची लग्नं काढून काढून मला अक्षतांचा वीट आला होता. अशात पुण्याच्या एका कलादालनानं कृष्णाकाठच्या घाटांचं प्रदर्शन मांडायचं कबूल केलं. महाबळेश्वरपासून कुरुंदवाडपर्यंत फिरायचं, चोवीस फोटो आणायचे, आणि एकेक फोटो दाराएवढा मोठा करायचा. माझ्या नेहमीच्या कॅमेऱ्याची फिल्म दोन बोटं रुंद. तिच्यावरून दाराएवढा फोटो ताणला की घाटाच्या पायऱ्यांचा रवा होतो. म्हणून मोठी फिल्म, आणि म्हणून अण्णांचं दुकान. आयुष्यात अशी संधी पुन्हा दार ठोठावणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

आईचं मागणं साधं होतं. आम्ही कासार. लग्न झाल्यापासून वडील जाईपर्यंत, तेवीस वर्षं, ती आणि वडील बांगड्यांची गाठोडी घेऊन ह्याच नदीकाठच्या जत्रा करत फिरले होते. वाई, माहुली, औदुंबर, नरसोबाची वाडी. "एकदा सगळे घाट परत बघू दे," एवढंच ती म्हणत होती. पण गेल्या वर्षभरात ती फार संथ झाली होती. पायरी उतरायला लागली की पुटपुटायची. मी समजायचो नामस्मरण चाललंय. मध्यंतरी स्टुडिओत चहा घेऊन आली ती सरळ लाईटच्या स्टँडच्या पायावर चालून गेली. दिवा फुटला, चहा सांडला. "डोळे फुटलेत का तुझे?" असं मी म्हणालो. आईला. ती काचा वेचायला खाली बसली, आणि निम्म्या काचा तिथंच राहिल्या म्हणून मी आणखी चिडलो.

तर अशा माणसाला महिनाभर घाटाघाटांवरून कसं फिरवायचं, हा माझा प्रश्न होता. तो मी तिच्या तोंडावर बोललो नव्हतो इतकंच.

पहिली फेरी घडीच्या जर्मन कॅमेऱ्याची. मिटला की खिशात मावेल असा, उघडला की पेटीच्या भात्यासारखा भाता पुढं येई. वजनाला हलका. पण बघायची खिडकी एवढी बारीक, की एक डोळा मिटून, नाक चेपून बघावं लागे. तास-सव्वा तासानं मी परत आलो तेव्हा अण्णा एक घड्याळ उघडून बसले होते आणि आई त्यांना बांगडीच्या मापांबद्दल काहीतरी सांगत होती.

"काय बघितलंस?" अण्णांनी विचारलं.

"हलका आहे. पण खिडकी फारच बारीक. आणि भाता जुना—"

"कॅमेऱ्याचं इचारलं का मी? तलावावर काय बघितलंस?"

मी आठवू लागलो. "म्हशी होत्या."

"रंकाळ्यावर म्हशी असायच्याच. पुढचा घे."

पुढचा म्हणजे जपानी. दिसायला आपल्या नेहमीच्या कॅमेऱ्यासारखाच, पण भीमानं वापरावा एवढा. डाव्या बाजूला लाकडी मूठ. डोळ्याला लावला आणि मी जागीच थांबलो. समोरचं सगळं लख्ख, धारदार, सुलटं. बटण दाबलं की आतला आरसा असा धप्पकन उडे की काठावरची बदकं मान वळवून बघत. अर्ध्या फेरीत मनगट भरून आलं, खांद्याला पट्टा काचला, पण माझं चित्त त्याच्यावर जडलं ते जडलंच. ह्या कॅमेऱ्यानं मी पुण्याच्या लोकांना तोंडात बोटं घालायला लावणार होतो.

"काय बघितलंस?"

"शालिनी पॅलेसचा मनोरा, पाण्यातल्या सावलीसकट. संध्यामठाच्या कमानी. हाच घेणार, अण्णा. ह्याला तिपाई लागेल जड, पण चालेल."

"मनोऱ्याचं पोस्टकार्ड मिळतंय की महाद्वार रोडवर," अण्णा म्हणाले. "तिसरी फेरी राहिली."

"ठरलंय माझं."

"जेवून या. मग बघू."

खानावळीत आई माझ्यासमोर बसली. वाढप्यानं ताटं ठेवली. आईनं भाकरी मोडली, तांबड्या रश्शाची वाटी जवळ ओढली आणि म्हणाली, "चटणी वाढली नाही रे ह्यानं. मीठसुद्धा नाही."

चटणी तिच्या ताटात डाव्या बाजूला होती. शेजारी मीठ, लिंबाची फोड, कांदा. सगळं पद्धतशीर.

"समोर तर आहे, आई."

तिनं मान वळवली, सापडलं. "हां. आहे की."

घरीसुद्धा हेच चालायचं. बायको चटणी वाढायची आणि आई चटणी मागायची. बायकोला वाटे सासूबाईंना मुद्दाम खोड काढायचीय. मला वाटे वय झालं. आज मात्र माझं डोकं त्या जपानी कॅमेऱ्यानं भरलं होतं, आणि मनातलं बोलून टाकायला मला निमित्त मिळालं.

"हे बघ आई. मी मोठा कॅमेरा घेतोय. एका हातात तो, दुसऱ्या हातात तिपाई. घाटाच्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात. तुझा हात धरायला मला तिसरा हात नाही. यंदा राहू दे. पुढच्या वर्षी गाडी करून नेतो तुला सगळीकडं."

तिनं भाकरीचा तुकडा रश्शात बुडवला. बराच वेळ तो तिथंच धरला.

"पुढच्या वर्षी नको," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी नेऊन काय उपयोग."

"का? काय होतंय तुला पुढच्या वर्षी?"

"काही नाही. जेव तू."

माझ्या अंगावरचं ओझं उतरलं, हे खोटं कशाला सांगू. तिनं वाद घातला नाही याचा मला आनंदच झाला. पान खाऊन मी तिला घेऊन परत दुकानात आलो आणि पैसे काढायला पाकिटाला हात घातला.

अण्णांनी तो हात तसाच खाली करायला लावला. "तिसरी फेरी."

"अण्णा, साडेपाचला आमची एस.टी. आहे."

"मग बिगीबिगी जा. मावशींना पण घेऊन जा. सकाळधरनं बसून बसून त्यांच्या पायाला मुंग्या आल्या असतील."

असा माणूस समोर असला की मुकाट्यानं ऐकावं. मी तिसरा कॅमेरा गळ्यात अडकवला. उभट डबा, पुढं एकाखाली एक अशी दोन भिंगं. वरच्यातून बघायचं, खालच्यातून फोटो निघतो. डब्याचं झाकण उघडलं की चार पत्र्याच्या भिंती उभ्या राहतात आणि तळाशी चौकोनी धुरकट काच असते, पेढ्याच्या छोट्या खोक्याएवढी. डोळ्याला काही लावायचं नाही. कॅमेरा छातीशी धरायचा, मान खाली घालायची आणि त्या काचेत बघायचं. आमच्या आधीच्या पिढीतले फोटोग्राफर हाच वापरत. डावीकडचं उजवीकडं दिसतं, सरळ करायला जावं तर घाट उलटाच कलतो, आणि त्याची मला सवय नव्हती. मला तो म्हाताऱ्यांचा कॅमेरा वाटत होता.

रिक्षानं आम्ही तलावावर गेलो. चार वाजले होते. पाणी शांत होतं. आईला फेरी झेपणार नव्हती आणि मला मारायची नव्हती. मी तिला काठावरच्या दगडी कठड्यावर बसवलं, झाकण उघडलेला कॅमेरा तिच्या मांडीवर ठेवला आणि म्हणालो, "हे धर. पट्टा गळ्यात घालून बस, पाडू नकोस. मी चहा आणतो."

दोन कप घेऊन परत आलो तेव्हा ती मान खाली घालून बसली होती. मला वाटलं डुलकी लागली. जवळ गेलो तर ती काचेत बघत होती. दोन्ही हातांनी तो डबा तिनं असा धरला होता, जसा ती बांगडी भरायला आलेल्या पोरीचा हात धरायची. घट्ट नाही, पण सुटणारही नाही.

"मुकुंदा, हे काय आहे रे? ते पलीकडं, मनोऱ्याचं?"

"शालिनी पॅलेस. एवढा मोठा राजवाडा, तुला माहीत नाही होय?"

"माहीत आहे. आणि हे पाण्यातलं देऊळ?"

"संध्यामठ."

"आणि दोन्ही एका वेळी दिसतात?" तिनं विचारलं.

मला प्रश्नच कळला नाही. "म्हणजे? दिसणारच की."

कॅमेरा तिनं हळूहळू वळवला. काठ, झाडं, भेळेच्या गाड्या. मग म्हणाली, "धूसर झालं."

"डाव्या बाजूला चक्री आहे. फिरव."

तिची बोटं चक्रीवर बसली. पन्नास वर्षं काचेच्या बांगड्या न फोडता हातात चढवलेली बोटं ती. केसाएवढं पुढं, केसाएवढं मागं, आणि थांबली.

"आता तू समोर उभा राहा."

"चहा गार होईल."

"होऊ दे. लांब जा जरा. अजून. अजून मागं जा."

मी दोन्ही हातांत चहाचे कप घेऊन मागं मागं गेलो. दहा-बारा पावलं झाली असतील. फिरायला आलेले लोक बघत होते. मला लाज वाटत होती.

"झालं का?"

तिचं डोकं खालीच होतं. मी पाहिलं, तिचे खांदे हलत होते. मी चहा तिथंच कठड्यावर ठेवून धावत गेलो.

"आई, काय झालं?"

तिनं पदरानं काच पुसली. डोळे नाही, काच. एक थेंब तिच्यावर पडला होता.

"अख्खा दिसलास," ती म्हणाली. "पायासकट. दीड वर्ष झालं रे, मी तुला पायासकट बघितलं नव्हतं."

मी तिच्यासमोर खाली बसलो. ती सांगत गेली, तिच्या त्या संथ पद्धतीनं. मिरजेच्या डॉक्टरांनी दीड वर्षापूर्वीच सांगितलं होतं, काचबिंदू आहे. माझ्या मावशीबरोबर गेली होती, मला गुडघ्याचं सांगून. नळीतून बघावं तसं दिसायचं. तोंड बघितलं तर पाय नाहीत, पाय बघितले तर तोंड नाही. डावीकडचं तर आधीच गेलं होतं. नळी बारीक होत चालली होती. औषधाचे थेंब ती देवघरात, कुंकवाच्या करंड्यामागं ठेवायची.

"बांगड्या कशा भरतेस मग?"

"बांगड्या भरायला मनगटापुरतं दिसलं की भागतं. बाकीचं हाताला कळतं."

"पायऱ्यांवर पुटपुटतेस ते?"

"मोजते. आपल्या घरच्या नऊ, स्टुडिओच्या चार. अंबाबाईच्या आज मोजल्या."

चटणीचं मी विचारलं नाही. स्टँडचं आणि दिव्याचंही नाही. ते सगळं एकेक करून माझ्याकडे आपणहून येत होतं. डोळे फुटलेत का तुझे, असं मी विचारलं होतं, आणि ती खाली बसून काचा वेचत होती.

"सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर नेलं असतंस नदीवर?" ती म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येत नाही. आहे ते किती दिवस, त्यांनाही माहीत नाही. म्हणून पुढच्या वर्षी नको म्हटलं." मग पुन्हा काचेकडे बघून म्हणाली, "ह्यात सगळं बारीक होऊन येतंय ना, म्हणून मावतंय बघ. जेवढी माझी नजर, तेवढीच ही काच. उलटं आहे जरा. माझ्या डावीकडचं देऊळ इथं उजवीकडं आलंय. बरंच झालं. डावीकडचं मला कोण दाखवणार होतं."

चहा गार झाला होता. आम्ही तो तसाच प्यालो.

"फोटो कसा काढतात ह्यात?" तिनं विचारलं.

मी तिचं बोट खालच्या बटणावर नेऊन ठेवलं. मग पुन्हा दहा-बारा पावलं मागं जाऊन उभा राहिलो. ह्या वेळी लाजलो नाही. बारीकशी टिक झाली. बदकांनी मानसुद्धा वळवली नाही.

फेरी अर्थातच झाली नाही. दुकानात परतलो तेव्हा अण्णा दिवा लावत होते. जपानी कॅमेरा त्यांनी पंचात गुंडाळून बाजूला ठेवला होता. माझ्यासाठी बांधला होता की माझ्यापासून लांब ठेवला होता, ते मी कधी विचारलं नाही.

"काय बघितलंस?" त्यांनी विचारलं.

मी कॅमेरा टेबलावर ठेवला. आई खुर्चीत बसली आणि म्हणाली, "मी सांगते. राजवाडा, त्याचा मनोरा, पाण्यात त्याची सावली. देऊळ, त्यात निम्मं पाणी. पाच भेळेच्या गाड्या, एकीची छत्री लाल. दोन पोरी सायकलवर डबलसीट. एक म्हातारा कुत्र्याला बिस्कीट घालत होता. आणि हा. चपलेचा अंगठा तुटलाय ह्याच्या, खिळा मारलाय त्याला. बायकोनं सांगितलं नाही, ह्यानंही सांगितलं नाही."

अण्णा माझ्या चपलेकडे वाकून बघत राहिले. खिळा होता.

"हा द्या, अण्णा," मी म्हणालो.

"आणि दाराएवढं फोटो?"

"ह्याचीही फिल्म मोठीच आहे की."

"हाय की. सकाळी मी तेच सांगणार होतो, पर तू खिडकी न् मूठ बघत हुतास." त्यांनी कॅमेऱ्याचा पट्टा काढला आणि दुसरा, लांब पट्टा लावला. माझ्या गळ्यात घालून बघितला, मग आईच्या गळ्यात घालून बघितला आणि तिच्या मापानं भोक पाडलं.

फेब्रुवारीत आम्ही दोघं निघालो. कॅमेरा गळ्यात असला की माझे दोन्ही हात मोकळे राहत. प्रत्येक घाटावर पायऱ्या उतरताना ती माझा हात धरून मोजायची आणि खाली पोचली की आधी तिची पाळी असायची. ती काचेत बघून मला सांगायची की वडिलांनी पाल कुठं ठोकलं होतं, गाठोडी कुठं सोडायचे, बायकांची रांग कुठून लागायची. ती सांगेल तिथं मी कॅमेरा रोखायचो. चोवीस फोटो झाले. प्रदर्शन बरं झालं. लोकांची बोटं काही तोंडात गेली नाहीत, पण एका बाईंनी मला विचारलं होतं की ह्या फोटोंत माणसं नसूनही कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखं का वाटतं. मी म्हणालो, आईला विचारा. ती तिथंच खुर्चीत बसली होती.

त्यानंतर चार वर्षं तिला काचेत दिसलं. मग काचेतही दिसेनासं झालं. तरी कॅमेरा मांडीवर घेऊन ती बसायची आणि समोर कोण आहे ते विचारायची. तिला जाऊन आता अकरा वर्षं झाली.

तिनं काढलेला फोटो स्टुडिओत गल्ल्याच्या वर लावलाय. कठड्यापासून दूर एक बावळट माणूस उभा आहे, दोन्ही हात रिकामे, आणि खाली दोन्ही पाय, तुटक्या चपलेसकट, पूर्ण आले आहेत.

आणि आमच्या घरी पानात चटणी उजवीकडे वाढतात, भाजीच्या शेजारी. कोल्हापूरहून आलो त्याच रात्रीपासून. नवी सून आली तेव्हा तिनं पहिल्याच दिवशी रीतीप्रमाणे चटणी डावीकडे वाढली, आणि माझ्या बायकोनं सगळ्या ताटांतली चटणी उजवीकडे सरकवली. पाहुणे कधीकधी विचारतात. आमच्याकडं अशीच पद्धत आहे, एवढंच मी सांगतो.